बारकोड लेबल प्रिंटर : मसाल्याच्या छोट्या युनिटमध्ये दिवाळी ते आषाढ वापरल्यावर

आधी निकाल सांगते. दहा-पंधरा हजारांच्या घरातला साधा २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके छापणारा) थर्मल ट्रान्सफर (रिबनवरची शाई उष्णतेनं लेबलवर उतरवणारा) प्रिंटर छोट्या धंद्याला पुरतो, बिनधास्त घ्या. सगळा खेळ आहे तो त्याच्यासोबत लेबल आणि रिबन कुठली घेता यावर. आणि विकणारे नेमकं तेच आपल्या गळ्यात घाईघाईनं मारतात.

आमचं सांगलीजवळ कांदा-लसूण चटणी, गोडा मसाला आणि लोणच्याचं युनिट आहे. मावश्या धरून सात-आठ माणसं. किराणा दुकानांना माल देत होतो तोवर बारकोडशिवाय काही अडलं नाही. पाकिटावर एमआरपी, वजन, तारीख, पत्ता, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर एवढं असलं की झालं. मग दोन सुपरमार्केटांनी माल घ्यायची तयारी दाखवली आणि पहिला प्रश्न आला, ‘ताई, कोड आहे का?’

नंबरचं आधी उरकते. दुसऱ्याच्या काउंटरवर विकायचा माल असेल तर नंबर जीएसवन इंडिया, म्हणजे बारकोडचे नंबर देणारी संस्था, तिच्याकडून स्वतःच्या नावावर घ्यायचा. ऑनलाइन स्वस्तात नंबर विकणारे भेटतात, पण तो नंबर दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदलेला निघू शकतो. जीएसवन इंडियाकडून मिळालेला तेरा आकडी नंबर ८९० नं सुरू होतो. ‘८९० म्हणजे भारतीय माल’ असा फॉरवर्ड दर दिवाळीला आमच्या ग्रुपवर फिरतो, त्यात तथ्य नाही. ८९० म्हणजे नंबर जीएसवन इंडियानं दिला, एवढंच. माल कुठं बनला ते त्यातून कळत नाही. किंमत आणि एक्सपायरीही त्या रेघांत नसते. स्कॅनर फक्त नंबर वाचतो, भाव दुकानाच्या कॉम्प्युटरमधून येतो. युनिटच्या आतल्या वापराला मात्र एक पैसा खर्च करू नका. २ नं सुरू होणारे तेरा आकडी नंबर अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत, नाहीतर सरळ कोड १२८ हा बारकोडचा दुसरा प्रकार वापरा. त्यात इंग्रजी अक्षरं-आकडे दोन्ही बसतात.

आता लेबल. थर्मल छपाई दोन प्रकारची. एकात कागदच उष्णतेनं काळा होतो, रिबन लागत नाही, म्हणून स्वस्त. कुरिअरच्या पाकिटावर असतं ते हेच. दुसऱ्यात रिबनवरची शाई वितळून लेबलवर बसते. आम्हाला डीलरनं पहिल्यांदा बिनरिबनचे रोल दिले, ‘खर्च वाचतो बघा’ म्हणून. चटणीच्या युनिटमध्ये तो कागद टिकत नाही. पाउच सील करताना पट्ट्याच्या मशीनची धग लेबलच्या कडेला लागली की तिथं काळा डाग पडतो आणि कोडाच्या दोन-चार रेघा एकात एक मिसळतात. तेलाचा हात लागला की उलटं, छपाई फिकी होत जाते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलेली खोकी उघडली तर लेबलं करडी पडलेली.

मग क्रोमो (गुळगुळीत लेप दिलेला) कागद आणि वॅक्स, म्हणजे मेणाच्या शाईच्या, रिबनवर आलो. कोरड्या मसाल्याला हे उत्तम, गोड्या मसाल्याला आजही तेच वापरते. लोणच्याच्या बरणीला मात्र वॅक्स चालत नाही. तेलकट अंगठा फिरवला की शाई पुसली जाते. तिथं प्लास्टिकचं लेबल आणि रेझिन, म्हणजे राळेच्या पक्क्या शाईची, रिबन लागते. महाग पडते, पण बरणी पुसून घेतली तरी कोड जागेवर राहतो. घेण्याआधी डीलरकडं एक लेबल छापून मागा, नखानं खरवडा, मग गोडेतेलाचं बोट घासा. दोन मिनिटांत कळतं. रिबनची शाई आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या तेही बघून घ्या. चिकटपट्टी लावून उचलली की ज्या बाजूला काळं येतं ती शाईची बाजू. तुमच्या मशीनला चालणारी नसली तर लेबलं कोरीच बाहेर येतात आणि माणूस मशीनला शिव्या देत बसतो.

साइजचं गणित कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. तेरा आकडी कोडात सगळ्यात बारीक रेघ ०.३३ मिलिमीटरची असावी असं मूळ माप आहे, आणि ते ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२६४ पर्यंत, लहान करता येतं. २०३ डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. म्हणजे बारीक रेघ दोन ठिपक्यांची केली तर ०.२५, तीन ठिपक्यांची केली तर ०.३७५. अडीच ठिपके छापता येत नाहीत. दोन ठिपक्यांचा कोड किमान मापापेक्षा किंचित लहान पडतो. आमच्या स्कॅनरवर पहिल्या झटक्यात लागायचा, पण एका सुपरमार्केटमधून फोन आला, ‘ताई, ह्यो कोड घेईना झालाय बघा, पोरगं हातानं नंबर मारतंय.’ तीन ठिपक्यांचा केला तर दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसकट साधारण साडेबेचाळीस मिलिमीटर रुंदी लागते. ती ३८ मिलिमीटरच्या लेबलवर मावत नाही, ५० च्या लेबलवर आरामात बसते. म्हणून बाहेर जाणाऱ्या मालाला ५० बाय २५ चं लेबल घेतलं आणि फोन बंद झाले. लहान पाकिटांचाच धंदा असेल तर ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्या. त्यात चार ठिपक्यांत जवळजवळ मूळ माप मिळतं.

त्या मोकळ्या जागेवर डिझायनर पोरांचा फार डोळा. आमच्या पाउचचं डिझाइन करणाऱ्यानं कोडाला चिकटून मिरचीचं चित्र टाकलं होतं. तेरा आकडी कोडाला डावीकडं बारीक रेघेच्या अकरा पट आणि उजवीकडं सात पट जागा पांढरीच लागते. वर त्याला रेघा लाल हव्या होत्या, ‘ब्रँडला मॅच होतं’ म्हणून. काउंटरवरच्या स्कॅनरचा उजेड सहसा लालच असतो, त्यात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते, मशीनला काही सापडतच नाही. काळ्या रेघा, पांढरी जमीन, विषय संपला. लहान गोल बरणीवर कोड आडवा फिरवून, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतील असा लावा, नाहीतर कडेच्या रेघा वळणाआड जातात.

सॉफ्टवेअरमध्ये दोनच गोष्टी बघा. एक, कोड चित्र म्हणून चिकटवू नका. वेबसाइटवरून चित्र उतरवून ते ओढून-ताणून बसवलं की रेघा कमीजास्त जाड होतात. लेबलच्या सॉफ्टवेअरमधला बारकोडचाच पर्याय वापरा, म्हणजे रेघा पूर्ण ठिपक्यांत बसतात. कोडाची फाइलच हवी असेल तर झिंट हे बारकोड बनवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. दोन, एक्सेल जोडता येतं का ते विचारा. प्रिंटरसोबत आलेल्या फुकट आवृत्तीत ते नव्हतं. दर बॅचला तारीख हातानं टाइप करायला लागायची, शेवटी सॉफ्टवेअर विकत घेतलं.

मराठीचा एक त्रास मुद्दाम सांगते. प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी नीट येत नाही, जोडाक्षरं फुटतात, म्हणून मजकूर विंडोजच्या ड्रायव्हरमधून पाठवावा लागतो. तोही बारीक ठेवला तर वेलांट्या आणि अनुस्वार शाईत बुजतात. ‘कांदा’चा ‘कादा’ होतो. आणि स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच. बिल करणाऱ्या पोरीनं मराठी कीबोर्ड चालू ठेवला असेल तर बॅचच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची भेळ उमटते. स्कॅनर बिघडला म्हणून धावपळ करण्याआधी खालच्या कोपऱ्यातली भाषा बघा.

गोडाऊनचा फायदा मी धरलाच नव्हता, तो जास्त निघाला. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, प्रत्येक पोत्याला आल्या दिवशी लेबल. वर ठळक मराठीत नाव आणि महिना, खाली कोड. मावश्या नाव वाचून पोतं काढतात, पोरगा स्कॅन करतो. जुनं पोतं मागं राहून नवं फोडलं जायचं ते जवळजवळ थांबलं. स्कॅन केल्याशिवाय पोतं हलवायचं नाही हे मात्र पोराच्या पाठी लागून करून घ्यावं लागतं, ते काम मशीन करत नाही.

देखभाल थोडीच. रिबन बदलताना हेड (प्रिंटरमधली ठिपके उमटवणारी तापती पट्टी) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, रिबन लेबलपेक्षा थोडी रुंद घ्यायची म्हणजे हेडची कड घासत नाही. काळेपणा गरजेपुरताच ठेवा, जास्त केला की रेघा फुगतात. पावसाळा लागल्यापासून छपाईत एक उभी पांढरी रेघ येते आहे, हेडचा एक ठिपका गेलाय. ती नेमकी कोडाच्या बारीक रेघेवर आली तर कोड जातो, म्हणून सध्या कोड दोन मिलिमीटर सरकवून काम चालवतेय. गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हेड बदलून घेणार.

स्कॅनर घ्यायचा असेल तर फक्त रेघा वाचणारा लेसर आता घेऊ नका. २०२७ च्या अखेरीपर्यंत जगभरच्या काउंटरवर क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचले जावेत असं जीएसवनचं ठरलंय, आणि त्या चौकोनात नंबरासोबत बॅच आणि एक्सपायरीही बसते. थोडे पैसे जास्त घालून दोन्ही वाचणारा घ्या. मोबाइलच्या स्क्रीनवरचा कोडही तो वाचतो.