बर्लिनमधली इतिहासफेरी : हिरवळीवर उभं राहून ऐकावा असा तास

राइशटागसमोरच्या (जर्मन संसदेच्या इमारतीसमोरच्या) हिरवळीपाशी मार्गदर्शक थांबली तेव्हा गटातले अर्धे लोक फोटोत गुंतले होते. बघायला काही नाहीच तिथे. इथे असलेली क्रोल ऑपेराची इमारत 1951 मध्ये पाडली. पण 11 डिसेंबर 1941 ला इथेच हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि त्या एका निर्णयावर तिने फेरीतला सगळ्यात जास्त वेळ दिला. माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

जर्मनी, इटली आणि जपान यांच्यातल्या 1940 च्या त्रिपक्षीय कराराप्रमाणे जपानवर कोणी हल्ला केला तरच जर्मनीने मदतीला जायचं होतं. अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर तर जपाननेच हल्ला केला होता. 8 डिसेंबरला अमेरिकेने युद्ध पुकारलं तेही फक्त जपानविरुद्ध. जर्मन फौजा मॉस्कोपुढे गारठलेल्या, रशियाचा प्रतिहल्ला सुरू झालेला, अशा वेळी जर्मनीविरुद्ध युद्धात कसं उतरायचं ही अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची अडचण हिटलरने स्वतःहून सोडवली. अटलांटिकमध्ये अमेरिकी जहाजांवर हल्ले करायला जर्मन पाणबुड्यांना मोकळं रान मिळालं, हे खरं. बदल्यात जपानने काय दिलं? रशियाशी तटस्थता पाळली. अमेरिकी माल घेऊन व्लादिवोस्तोक या रशियन बंदराला जाणारी सोव्हिएत जहाजंही जाऊ दिली! हे ऐकून मी थक्क झाले.

इंग्रजी स्पष्ट, प्रश्नांना घाई नाही. फेरीतला शेवटचा, बर्लिनच्या भिंतीचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटला, आणि बसायला कुठेच मिळत नाही. आईवडिलांना नेणार असाल तर आधी विचारून घ्या. इतिहासाची आवड असेल तर जरूर जा.