पहाटेचा बेसबॉल: सामन्याचा अंदाज पायथागोरसवरून बांधायचा की एफआयपीवरून?

न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी 7:05ला सुरू होणारा सामना पुण्यात पहाटे 4:35ला लागतो. झोपमोड करायची तर कोण वरचढ ठरेल याचा थोडा अंदाज आधी असलेला बरा. आकडे ढिगाने मिळतात. माझ्या मते कामाचे दोनच, आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

आधी कचरा बाजूला काढू. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावापुढे लिहिलेले जय-पराजय पाहूच नका. 2018 साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी 1.70 धावा दिल्या, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला, आणि नावावर विजय किती? 10, पराभव 9. संघाने धावाच काढल्या नाहीत तर तो बिचारा काय करणार!

पहिला आकडा बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या पायथागोरस सूत्राचा. काढलेल्या धावांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. 800 काढल्या, 700 दिल्या, तर उत्तर 0.566, म्हणजे हंगामाच्या 162 सामन्यांत सुमारे 92 विजय. आयपीएलच्या तक्त्यात गुणांपेक्षा नेट रनरेटकडे बघणाऱ्यांना हे लगेच उमगेल. सिएटल मरिनर्सचं उदाहरण मला फार आवडतं. 2021मध्ये त्यांनी 697 धावा काढल्या, 748 दिल्या, तरी 90 सामने जिंकले. सूत्राच्या हिशेबाने 75च्या आसपास व्हायला हवे होते. एका धावेने सुटणारे सामने त्यांच्या बाजूने झुकत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा 90च विजय, पण तेव्हा काढलेल्या धावा 690 आणि दिलेल्या 623, म्हणजे सूत्रालाही मान्य! विजयांचा रकाना दोन्ही वर्षी सारखाच. संघ किती वेगळे होते ते धावांनी सांगितलं.

पण या सूत्राला आज चेंडू कोणाच्या हातात आहे ते कळत नाही. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, रोज बदलतो आणि एकाची पाळी साधारण पाच दिवसांनी येते, त्यामुळे त्याच संघाचा मंगळवार आणि बुधवार सारखा नसतो. तिथे एफआयपी (फील्डिंग इंडिपेंडंट पिचिंग), म्हणजे फील्डरांचा वाटा वगळून पिचरला मोजणारा आकडा, लागतो. 2001मध्ये आकडे अभ्यासणाऱ्या व्होरोस मॅक्रॅकन यांनी दाखवलं की बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू हिट ठरेल, म्हणजे बॅटर त्यावर सुखरूप बेसवर पोहोचेल, की नाही, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी असतो. फील्डर आणि नशीब यांचा वाटा मोठा. म्हणून एफआयपीत फक्त होमरन (थेट सीमेपार फटका), वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकट बेस), अंगावर लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) मोजतात. ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा (फील्डरच्या चुकांनी गेलेल्या सोडून), मागे काय घडलं ते सांगतो. पुढच्या सामन्यासाठी मी एफआयपी बघतो; तो ईआरएच्याच मापात असतो, कमी तितका चांगला. एखाद्याचा ईआरए 2.50 आणि एफआयपी 4.20 असेल, तर त्याचं नशीब कधीही आटू शकतं.

एफआयपीतही खोट आहे. हल्ली स्टार्टर पाच-सहा इनिंगनंतर बाहेर जातो, उरलेला सामना बुलपेनचा, म्हणजे राखीव पिचरांचा. बॅटरला नीट फटकाच मारू न देणाऱ्या पिचरवर हे सूत्र अन्याय करतं. आणि एप्रिलमध्ये, तीन-चार सामन्यांवरून, कोणताच आकडा मनावर घेऊ नये.

स्क्रीनवर सामना चालू असताना हलणारी जिंकण्याची टक्केवारी? बघायला मजेशीर, पण ती मुख्यतः अशा स्थितीत पूर्वी काय झालं तेच सांगते. उठायचं की नाही हे ठरवायला तिचा उपयोग नाही.

तर आठवड्यातून एकदा गुणतक्ता बघणाऱ्याने पायथागोरस धरावा. रोज एखादा सामना निवडणाऱ्याने आधी दोन्ही स्टार्टरचे एफआयपी बघून मग संघाचा धावफरक पाहावा, आणि यजमानांना जरा झुकतं माप द्यावं, कारण घरचा संघ साधारण 54 टक्के सामने जिंकतो. याहून मोठ्या खात्रीची अपेक्षा नको. 2024मध्ये 121 सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सनेही 41 जिंकले होतेच.

डेन्व्हरच्या सामन्यांना मात्र वेगळा न्याय. ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो, धावांचा पाऊस पडतो. तिथल्या पिचरचे आकडे मैदानाचा हिशेब करून सुधारलेले असतील तरच वाचा. आणि पश्चिम किनाऱ्यावरचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी 7:40च्या सुमारास लागतात. पर्वतीवरून उतरून चहा घेता घेता बघता येतात, त्यासाठी कसल्याच सूत्राची गरज नाही.