निवारा की घर? इंदुरात देणगी देण्यापूर्वी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या राजेंद्रनगरच्या मांडवात एकाच टेबलावर दोन पावतीपुस्तके ठेवलेली होती. एक बेघर कुटुंबांसाठी रात्रीचा निवारा चालवणाऱ्या संस्थेचे होते आणि दुसरे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना स्वतःचे घर पुरे करण्यास मदत करणाऱ्या संस्थेचे. अनंत चतुर्दशीपर्यंत दुसरे पुस्तक संपत आले. पहिल्याच्या दहा पावत्याही फाटल्या नव्हत्या. घर दिसते आणि त्याच्या भिंतीवर पाटी लावता येते. निवाऱ्याच्या वीजबिलावर कोणी आजोबांचे नाव कोरून घेत नाही. वर्षश्राद्धाच्या किंवा निवृत्तीच्या निमित्ताने काही रक्कम बाजूला काढून ठेवलेल्यांनी या दोन कामांतला फरक आधी समजून घ्यावा, यासाठी हा आढावा.

प्रथम निवारा. महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या एमवायच्या, आवाराबाहेर रात्री नऊनंतर एक फेरी मारली तर झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडून रुग्ण घेऊन आलेली किंवा मजुरीसाठी उतरलेली कुटुंबे तीन विटांच्या चुलीवर भाकरी भाजताना दिसतात. रैन बसेरा, म्हणजे रात्रीचा निवारा, जवळ असूनही ती बाहेर का झोपतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक ठिकाणी पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे अशी सोय असते. बारा वर्षांच्या मुलाला कोणाबरोबर पाठवायचे आणि पेटी कोणी सांभाळायची, या विवंचनेपेक्षा फुटपाथ बरा वाटतो. कौटुंबिक निवारा वेगळा ठरतो तो इथेच. आतून कडी लागणारी खोली किंवा निदान पक्का आडोसा, सामाईक शेगडी आणि कुलूपबंद कपाट एवढ्यावर कुटुंब एकत्र राहते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा निवारा आणि प्रत्येकी ५० चौरस फूट जागा हवी. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहर साडेएकोणीस लाखांवर होते, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेही असे वीसेक निवारे लागतात.

अशा संस्थेचा खर्च इमारतीवर कमी आणि रोजच्या चालवण्यावर अधिक असतो : रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा पगार, पाणी, गाद्यांची धुलाई, संडासाची सफाई. त्यामुळे मोठी एकरकमी देणगी तिथे नीट पचत नाही. फरशा बसतात, रंग लागतो आणि काही वर्षांनी काळजीवाहकच नसल्याने दाराला कुलूप लागते. डिसेंबरात येणाऱ्या घोंगड्यांच्या गठ्ठ्यांबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्या ठेवायला जागा नसते आणि एप्रिलात पंखे दुरुस्त करायला पैसे नसतात. पन्नास जणांनी दरमहा पाचशे दिले तर जी निश्चिंती येते, ती एकाने दिलेल्या तीन लाखांनी येत नाही, जरी वर्षाची बेरीज तेवढीच होत असली तरी.

घराचे गणित उलटे आहे आणि ते जरा सविस्तर पाहावे लागते. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख रुपये आणि त्यावर राज्याचा वाटा मिळतो. पण ही रक्कम हप्त्यांनी आणि बांधकामाच्या टप्प्याचे छायाचित्र नोंदवल्यावर येते. म्हणजे भिंत आधी स्वतःच्या पैशाने चढवायची आणि हप्त्याची वाट नंतर पाहायची. जुने घर पाडलेले, बाजूच्या पत्र्याच्या आडोशाला भाडे चालू आणि कमरेइतक्या भिंतीतून गंजलेल्या सळया वर आलेल्या, अशी अवस्था वस्त्यांतून पाहायला मिळते. पगारचिठ्ठी नसलेल्या हमालाला किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईला बँक सहसा दारात उभे करत नाही, मग सावकार गाठावा लागतो. संस्थेने नेमक्या या खिंडीत चाळीस-पन्नास हजार बिनव्याजी दिले आणि हप्ता आल्यावर ते परत घेऊन पुढच्या कुटुंबाला दिले, तर तीच रक्कम अनेक घरांना पुरते. याला फिरता निधी म्हणतात, आणि एकरकमी देणगीसाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

उलट, जी संस्था दोन-चार कुटुंबांना संपूर्ण घर बांधून देऊन किल्ल्या वाटण्याचा समारंभ करते, तिच्याबाबत मी हात आखडता घेईन. आपल्याच शहरात वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना भूखंड, जोते आणि पाणी-संडासाचा गाभा देऊन उरलेले घर त्यांच्या ऐपतीप्रमाणे वाढू दिले. या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तिच्या गल्ल्यांतून आज फिरताना मूळ जोत्यावर चढलेले मजले, बाहेरून काढलेले जिने आणि ओट्यावरची दुकाने दिसतात. गरजू माणसाला पहिला आधार पुरतो, हे इंदूरकरांना बाहेरच्या कोणी शिकवायला नको.

विचारायचे प्रश्नही त्यामुळे वेगळे. निवारा चालवणाऱ्यांना किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे आणि काळजीवाहक किती वर्षे टिकला आहे, हे विचारावे. घरासाठी मदत करणाऱ्या संस्थेला जागेचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, बाईच्या नावे आहे का आणि दिलेल्या रकमेपैकी किती परत आली, हे विचारावे. वसुलीचा आकडा सांगताना जो चाचरतो, त्याचा निधी फिरत नसून जिरत असतो.

कराच्या बाबतीत दोन्हीकडे सारखेच आहे. संस्थेला देणगीदाराला करसवलत देणारी ८०जीची मान्यता असल्यास सर्वसाधारणपणे निम्म्या रकमेवर सवलत मिळते, तीही मर्यादेत. दोन हजारांवरील रोख आणि वस्तुरूप देणगी धरली जात नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत नाहीच. तेव्हा त्यावरून निवड करू नये.

माझे मत विचाराल तर हाती एकदम लाखभर रुपये असतील आणि पुढे देणे जमणार नसेल, तर ते फिरत्या निधीला द्यावेत. पेन्शन किंवा पगार नियमित असेल, तर निवारा. दोन्ही शक्य असल्यास मी निवाऱ्याकडे झुकेन, कारण घराला सरकार आहे आणि थोडाफार बाजारही आहे, पण गुरुवारी रात्री पोरांसह उतरलेल्या कुटुंबाला त्याच रात्री दार हवे असते. आमच्या घरी यावर दोन संध्याकाळ वाद झाला. अखेर वडिलांच्या तिथीची रक्कम बारा भागांत विभागली आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ती निवाऱ्याच्या खात्यात वळती करण्याची सूचना बँकेला दिली. पाटी अर्थातच लागली नाही, आणि आईने दोन दिवस अबोला धरला.