गुंड्याला पोचवलं त्या प्राण्यांच्या दहनभट्टीचा अनुभव (4 स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय)

आधीच सांगतो, हे वाचायची वेळ कोणावर येऊ नये. पण येतेच, आणि येते तेव्हा बहुतेक रात्री अडीचला येते आणि आपण मोबाईलवर "कुत्रा गेल्यावर काय करायचं" असं टाईप करत बसलेलो असतो. म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांना फक्त रेट आणि टायमिंग हवंय त्यांनी सरळ खाली जा.

गुंड्या आमचा देशी. तांबूस, एक कान उभा एक पडलेला, 11 वर्षांचा, वजन एरवी 22 किलो, शेवटी 17. किडन्या गेल्या. कुत्र्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की हे वाढतं) साधारण दीडच्या आत हवं असतं, त्याचं 7 च्या वर गेलं होतं. शेवटचे वीस दिवस घरीच कातडीखाली सलाईन द्यायचो आणि बाटली उंच धरून आई उभी राहायची. हीच आई 11 वर्षांपूर्वी म्हणाली होती की हे पिल्लू घरात राहणार असेल तर मी मावशीकडे राहायला जाते. गेली नाही. उलट दहीभात कालवताना पहिला घास त्याचा काढायला लागली.

तर गेला तो रात्री अडीचला, घरीच, आईच्या गादीशेजारी. आणि खरं सांगतो, मला काहीच सुचलं नाही. माणूस गेला की काय करायचं ते कोणालाही विचारा, शेजारचे सांगतात, गुरुजींचा नंबर असतो, सामानाचं दुकान रात्री उघडं असतं. कुत्रा गेला की काय? डॉक्टरांचा फोन बंद. नातेवाईकांना त्या वेळी फोन करून सांगणार काय, कुत्रा गेला म्हणून? शेवटी मी आमच्या टेकडीच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकले, "गुंड्या गेला", आणि फोन उलटा ठेवला.

ग्रुपबद्दल सांगायला हवं. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी सहाला खाणीच्या बाजूला आम्ही सहासात जण जमायचो, कुत्री घेऊन. ओळख कशी झाली तर पट्ट्यांचा गुंता झाला म्हणून, बाकी कारण काही नाही. आमच्यात कोणालाच कोणाचं नाव माहीत नाही. ब्रुनोचे बाबा म्हणजे साठी ओलांडलेले काका, बँकेतून रिटायर, लॅब्रॅडॉर. सखूची ताई म्हणजे सीए करणारी मुलगी, तिची सखू तीन पायांची, पिल्लू असताना गाडीखाली सापडलेली. मोमोच्या आई म्हणजे शित्झूवाल्या काकू, ज्या त्या एवढ्याशा मोमोला मोर दिसला की कडेवर घेतात. कॅप्टनचे पप्पा, बोलत नाहीत फारसे. आणि मी गुंड्याचा दादा. माझे मोबाईलमधले नंबरसुद्धा असेच सेव्ह आहेत. पाच वर्षं आम्ही रोज भेटलो, एकमेकांच्या कुत्र्यांना कधी जुलाब झाले, कोणाला गोचीडताप झाला आणि गोळ्या किती दिवस चालल्या हे तोंडपाठ, पण काका राहतात कुठे ते मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं त्या रात्री. तीन वाजता बेल वाजली आणि दारात काका, स्वेटर उलटा घातलेला, हातात बर्फाची पिशवी आणि जुनी चादर. आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. पत्ता त्यांनी वॉचमनला विचारला, "तो देशी कुत्रा, एक कान पडलेला, त्यांचा फ्लॅट कुठला" म्हणून.

आल्या आल्या सांत्वन वगैरे काही नाही. म्हणाले, "पाय दुमडून घेतलेस का? आत्ताच घे. दोन-तीन तासांत अंग अकडतं, मग गाडीत नीट मावत नाही आणि आपल्याला बघवत नाही." मग आम्ही दोघांनी त्याला तो झोपायचा तसाच मुटकुळं करून ठेवला. खाली जुने पेपर आणि टॉवेल, कारण थोडी लघवी वगैरे येते, घाबरायचं नाही. बर्फ उशीच्या अभ्र्यात घालून पोटाशी. पंखा बंद, एसी फुल्ल. डोळे मिटायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, कुत्र्याचे डोळे मिटत नाहीत, उगाच खेळू नकोस." हे सगळं त्यांना येत होतं कारण ब्रुनोच्या आधी त्यांचा एक होता. तो त्यांनी गावी शेतात पुरला होता, कमरेपेक्षा खोल खड्डा घेऊन, नाहीतर बाकीची कुत्री उकरतात. पण गावी शेत असणाऱ्याची गोष्ट वेगळी, आमच्या सोसायटीत कुंडी ठेवायला सेक्रेटरीची परवानगी लागते.

आता मुख्य मुद्दा, सर्व्हिस.

नंबर सखूच्या ताईने पाठवला पहाटे. सकाळी आठच्या आधी ते फोन घेत नाहीत, हे लक्षात ठेवा, तोपर्यंत बर्फ पुरवून वापरा. आठला मात्र पहिल्या रिंगला उचलला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या: वजन किती, कधी गेला, वेगळं करायचंय की सामायिक, आणि नाव काय. मी माझं नाव सांगायला लागलो तर पलीकडून, "तुमचं नंतर, त्याचं सांगा." एवढ्यावर मी फोन आईकडे दिला.

वेगळं आणि सामायिक यातला फरक नीट समजून घ्या, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. सामायिक म्हणजे एका वेळी दोन-तीन प्राणी, स्वस्त पडतं, पण अस्थी मिळत नाहीत. वेगळं म्हणजे भट्टीत एकटाच, अस्थी मिळतात. आम्ही वेगळं घेतलं, 4500 रुपये, त्यांची गाडी न्यायला आली असती तर 800 जास्त. यूपीआय चालतं. परवडत नसेल तर महापालिकेकडे चौकशी करा, सगळीकडे सारखी सोय नाही पण मुंबईत पालिकेने 2023 मध्ये मालाडला प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली. लाज वाटून घेऊ नका, प्रेम पावतीवर मोजत नाहीत.

आम्ही काकांच्या गाडीतून नेला. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर. जागा शहराच्या बाहेर, एका शेडमध्ये, बाहेरून वेल्डिंगचं वर्कशॉप वाटतं, बोर्ड इतका छोटा की आम्ही दोनदा पुढे गेलो. रस्त्यापासून आत जायला नुसता चिखल, गाडी रुतली. मी आणि काका ढकलतोय, आई मांडीवर गुंड्याला घेऊन आत बसलेली, तिला उतर म्हणायची कोणाची हिंमत नाही. आणि मागून अचानक जोर वाढला तर कॅप्टनचे पप्पा, ऑफिसच्या कपड्यात, बूट चिखलात. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ग्रुपवर लोकेशन बघून आलेले. मोमोच्या आई आणि सखूची ताई स्कूटीवरून आधीच पोचल्या होत्या.

आत मात्र स्वच्छ. वास नाही. भिंतीवर दत्ताचा फोटो आणि त्याला ताजा हार. आपण लहानपणापासून तो फोटो बघतो, पण पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. आई हात जोडून त्या कुत्र्यांकडेच बघत उभी होती.

एक फॉर्म असतो आणि एक मोठं रजिस्टर. रजिस्टरमध्ये एक रकाना होता, "सोबत आलेल्यांची नावं". पेन घेऊन मी उभा, आणि मागे चार माणसं, ज्यातल्या एकाचंही नाव मला येत नाही. पहाटे तीनपासून ज्यांनी माझ्या कुत्र्याला धरलं त्या काकांना वळून विचारणार का, की काका तुमचं नाव काय? मी तसाच थांबलो तर तिथला मुलगा, पंचविशीतला असेल, म्हणाला, "द्या इकडे." आणि त्याने लिहिलं: ब्रुनोचे बाबा, सखूची ताई, मोमोच्या आई, कॅप्टनचे पप्पा. म्हणजे त्याने माझ्या मागे चाललेलं बोलणं ऐकलं होतं. म्हणाला, "सगळे असंच लिहितात, साहेब." मी पान मागे उलटून बघितलं तर खरंच. टायगरची मम्मी. राजाचे आजोबा. एका ठिकाणी "शेजारची लुसी (स्वतः)".

तयारीचं सांगतो. गळ्यातला पट्टा काढून घेतात, नायलॉन आणि धातू चालत नाही. सुती कापड चालतं, फुलं चालतात, प्लॅस्टिकची खेळणी नाही. आईने डब्यातून दहीभात आणला होता, मला वाटलं आता ओशाळायला होणार, पण त्या मुलाने काही न बोलता डबा घेतला आणि एक घास ठेवला. दहा मिनिटं तुम्हाला एकटं सोडतात. घड्याळ बघत नाहीत.

मग साधारण दोन तास, भट्टी आणि नंतर थंड होणं धरून. बाहेर एक लांब बाकडं आहे, त्यावर आम्ही पाच जण आणि आई. पहिला अर्धा तास कोणी बोललं नाही. मग काकांनी विषय काढला की रतन टाटा गेले तेव्हा ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या गोवा नावाच्या कुत्र्याला अंत्यदर्शनाला आणलं होतं, बघितलं होतं का तुम्ही टीव्हीवर. त्यावरून गाडी कशी कोण जाणे रायगडावरच्या वाघ्यावर गेली, वाघ्या इतिहासात होता की नव्हता, 2012 मध्ये पुतळा काढला आणि थोड्या दिवसांत परत बसवला ते बरोबर की चूक, आणि मोमोच्या आई आणि कधीच न बोलणारे कॅप्टनचे पप्पा यांची अशी जुंपली की आतला मुलगा बघायला बाहेर आला. आई मध्येच म्हणाली, "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले, त्यांनी काय पुरावे मागितले होते का?" सगळे गप्प. मग सखूची ताई हसली आणि हसताना रडायला लागली आणि मग सगळेच. त्या बाकड्यावर मी जेवढा हसलो तेवढा त्या महिन्यात कुठे हसलो नव्हतो. सर्व्हिसवाल्यांचा यात वाटा एवढाच की त्यांनी कोणाला गप्प बसा म्हटलं नाही आणि दोनदा चहा दिला, तो बिलात लावला नाही.

अस्थी पाऊण किलोच्या आसपास मिळाल्या. इथे मी स्टार कापतोय. 4500 घेऊन तुम्ही अस्थी प्लॅस्टिकच्या बरणीत देता, वर स्क्रूचं झाकण, थेट लोणच्याची बरणी. मातीचं मडकं कितीला येतं? आणि पावतीवर "जात: मिक्स". अहो, देशी लिहा ना, मिक्स काय, तो काय चिवडा होता?

अस्थी झाडाला घालणार असाल तर थेट कुंडीत ओतू नका, राखेत क्षार फार असतात, मुळं जळतात. भरपूर मातीत मिसळून थोड्या थोड्या घाला. हेही काकांनीच सांगितलं.

तीन आठवडे मी टेकडीवर गेलो नाही. मोकळ्या हाताने तिथे जाऊन करायचं काय, पट्टा नसला की हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. मला वाटलं झालं, आपली ओळख गुंड्यापुरती होती. मग सखूच्या ताईचा मेसेज आला, परीक्षा आहे, पंधरा दिवस सखूला कोणीतरी फिरवून आणा. मी लिहिलं जमेल. नंतर कळलं की हा मेसेज तिने ग्रुपवर टाकलाच नव्हता, मला एकट्याला पाठवला होता. सखू तीन पायांवर माझ्यापेक्षा जोरात चढते हे वेगळं सांगायला नको.

अपडेट, चार महिन्यांनी: परत जावं लागलं, मोमोच्या आईंबरोबर. मोमो 14 वर्षांची होती, हृदय. या वेळी मला माहीत होतं की आठला फोन करायचा, बर्फ कुठे ठेवायचा, पाय कधी दुमडायचे, आणि काकूंना काय बोलायचं नाही. तोच मुलगा होता. त्याने रजिस्टर उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि न विचारता लिहिलं, "गुंड्याचा दादा". आत जायच्या रस्त्यावर आता खडी टाकलीय, गाडी रुतत नाही, त्याबद्दल आभार. पण पाचवा स्टार देत नाही. बरणी अजून तीच आहे, या वेळी मी घरून मडकं घेऊन गेलो होतो.