अंगणातून थेट दशावतार : कुडाळकडच्या एका छोट्या कंपनीच्या ऑनलाइन नाईटी

दशावतार हे दक्षिण कोकणातले लोकनाट्य करणाऱ्या कंपनीचे वर्ष कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होते आणि मृगाच्या तोंडावर संपते. मधल्या नाईटींवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगांवर, जे हाती येईल, त्यातच पावसाळ्याची बेगमी करावी लागते. मार्च 2020 अखेरची टाळेबंदी ऐन हंगामात आली आणि चैत्र-वैशाखातल्या ठरलेल्या नाईटी एकामागून एक रद्द झाल्या. पुढे नोव्हेंबरात नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडली. परंतु देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या या खेळाला नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा उपयोग तो काय? कुडाळ तालुक्यातल्या एका छोट्या कंपनीने त्या हंगामात मालकाच्या अंगणात रंगमंच घातला आणि घरटी 100 रुपये घेऊन मोबाइलवरून नाटके थेट दाखवायला सुरुवात केली. वेंगुर्ल्यात घरी बसून आम्ही त्यांचे अनेक प्रयोग पाहिले.

या कंपनीने सर्वांत शहाणपणाचा निर्णय घेतला तो प्रेक्षक बसवण्याचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. रंगपटात प्रमुख नट आख्यानाची, म्हणजे त्या रात्रीच्या पौराणिक कथेची, रूपरेषा सांगतो आणि पुढचे सारे समोरच्या नटाच्या सवालावर आणि लोकांच्या हशावर उभे राहते. दुसऱ्या एका मंडळाचे, रिकाम्या सभागृहात आधीच चित्रित करून ठेवलेले नाटक आम्ही पाहिले होते. त्यात चांगले नटही पाठ केल्यासारखे बोलत होते. येथे मात्र नटांच्या घरची माणसे आणि शेजारी अंतर राखून बसलेले असत. काळ्या वेषावर मास्क चढवून आलेल्या संकासुराने, म्हणजे वेद चोरणाऱ्या विनोदी राक्षसाने, ‘वेद चोरूक इलंय, तर ब्रह्मदेवच क्वारंटाईन!’ असे म्हणताच अंगणातली म्हातारी माणसे अशी खिदळली की भटजीला पुढचे वाक्य सुचेना, आणि त्याच्या त्या अडखळण्यावर संकासुराने आणखी चार वाक्ये रचली. हा भाग कॅमेऱ्यासमोर घडू शकेल, असे मला आधी वाटले नव्हते.

तक्रारही संकासुराविषयीच आहे. प्रयोग सुमारे अडीच तासांत बसवण्यासाठी त्यांनी आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, कातरला. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, पण संकासुर जेमतेम रंगात येतो तोच विष्णू त्याचा वध करून मोकळा होतो. वेळ वाचवायचाच होता, तर आख्यानातली लांबलेली लढाई आटोपती घेता आली असती.

तांत्रिक बाजू सुरुवातीला कच्ची होती. एकच माइक पखवाजाजवळ ठेवल्याने युद्धाच्या प्रसंगी पखवाज आणि झांज तेवढी ऐकू येत आणि स्त्रीपार्टीचे (स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचे) पद पार बुडून जाई. नटांसाठी वेगळा माइक टांगल्यावर पायपेटीचे सूरही स्वच्छ येऊ लागले. हॅलोजनच्या झोतात मात्र रंगवलेले चेहरे शेवटपर्यंत चुन्यासारखे पांढरे दिसत राहिले.

व्यवहार चोख होता. प्रेक्षकांनी मोबाइलवरून पाठवलेले बक्षीस जत्रेतल्याप्रमाणेच नाव-गावासह रंगमंचावरून पुकारले जाई. डोंबिवलीच्या चाकरमान्याचे नाव भर दरबारात ऐकताना मौज वाटे. जमलेली रक्कम सर्व नटांत, वादकांत आणि पेटारा वाहणाऱ्या माणसातही कशी वाटली, हे दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवले जाई. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली आणि जाहीर केलेली नाईट होऊ शकली नाही, तेव्हा पैसे परत हवेत की पुढची नाईट, असे त्यांनी आपण होऊन प्रत्येकाला विचारले. त्याच वर्षी सरकारने कलावंतांना एकरकमी 5,000 रुपयांची मदत जाहीर केली. तेवढ्यात एका घराचा पावसाळा निघत नाही, हे लक्षात घेतले तर या कंपनीने पैसे परत करण्याची दाखवलेली तयारी मला विशेष वाटते.

आता जत्रा पुन्हा भरू लागल्या असून ही कंपनी ऑनलाइन प्रयोग केवळ मागणीवरून करते. परगावच्या मंडळींनी वार्षिकोत्सवासाठी तो अवश्य ठरवावा. मात्र तारीख त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीच पक्की करावी, कारण नंतर त्यांना एकही रात्र मोकळी नसते, आणि आडदशावतार पूर्ण हवा असल्याचे बोलणी करतानाच स्पष्ट सांगावे. त्यासाठी ते थोडे अधिक पैसे घेतात, ते द्यावेत.