डुकरांची हगवण: डिस्क टेस्ट करायची की एमआयसी?

पिल्लांना हगवण लागली की मिळेल ते अँटिबायोटिक पाण्यात घालायचं आणि चार दिवसांनी गुण नाही म्हणून दुसरं घालायचं, हे गोव्यात सत्तरी तालुक्यापासून काणकोणपर्यंत सर्रास चालतं आणि बघून जीव जळतो, कारण कुठलं औषध लागू पडेल याची आधी टेस्ट करून घेता येते. कुठली, ते रोगावर आहे.

दूध तोडल्यावर पहिल्या आठवडाभरात पाण्यासारखी हगवण असेल तर बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू. त्याला डिस्क टेस्ट पुरते. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्वस्त पडते, आणि आधी जंतू वाढवायला लागणारा वेळ धरून दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येऊ शकतो. फक्त ई. कोलाय धडधाकट डुकराच्या विष्ठेतही असतो, म्हणून ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या अगारवर) रक्त विरघळवणाऱ्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, टेस्टला घ्या असं लॅबला सांगाच. कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या चकतीवर मात्र विसंबू नका, तो मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, आणि तसंही मांसासाठी पाळलेल्या जनावरांना ते द्यायला भारतात २०१९ पासून बंदी आहे.

एमआयसी या दुसऱ्या टेस्टमध्ये औषधाचं प्रमाण दुप्पट-दुप्पट करत जातात आणि कमीत कमी कितीला जंतू वाढायचा थांबला तो आकडा मिळतो. महाग, सगळीकडे होत नाही, ई. कोलायसाठी मी तरी आधी ती मागणार नाही. पण वाढत्या डुकरांना रक्त-शेंबूड मिसळलेली हगवण असेल तर संशय ब्रॅकिस्पायराचा, आणि हा जंतू ऑक्सिजन टाळतो, वाढतोही इतका हळू की नेहमीची डिस्क टेस्ट त्याला चालत नाही. इथे टायम्युलिन, लिंकोमायसिन वगैरे औषधांची एमआयसीच करून घ्या, वेळ लागला तरी.

खातात पण अंगी लागत नाही, विष्ठा सिमेंटच्या रंगाची, तर लॉसोनिया हा जंतू असू शकतो. तो आतड्याच्या पेशीच्या आतच वाढतो, प्लेटवर नाहीच, त्यामुळे दोन्ही टेस्ट बाद. पीसीआरने (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टने) रोग नक्की करायचा, औषध डॉक्टरांनी ठरवायचं आणि गुण गोठ्यातच बघायचा.

सँपल औषध न दिलेल्या, नुकत्याच आजारी पडलेल्या तीन-चार डुकरांचं घ्या, बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. रिपोर्टमध्ये दोन औषधं लागू पडतात असं आलं आणि डुकरं नाताळला चोरिससाठी (गोव्याच्या डुकराच्या सॉसेजसाठी) जायची असतील, तर औषध थांबवल्यावर कापेपर्यंत कुठल्याला कमी दिवस थांबावं लागतं ते डॉक्टरांना विचारून तेच घ्या.