एच अँड एन फिनाले मॅच हेवी: डबा घेताना लॉट नंबर बघा

१० मीटर एअर रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा हा जर्मन पेलेट (छर्रा) उत्तमच आहे. पण ठाण्यात काय, वाशीत काय, गिऱ्हाईक ‘४.५० चा डबा द्या’ म्हणतं आणि पैसे देऊन निघतं. ४.४९, ४.५०, ४.५१ हे हेडचं, म्हणजे पेलेटच्या पुढच्या टोकाच्या व्यासाचं, मिमीमधलं माप झालं. खरी निवड लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाची असते.

हे पेलेट ओतीव नसतात. शिशाची तार कापून तुकडा डायमध्ये (साच्यात) दाबतात. डाय झिजते, बदलली जाते, म्हणून एकाच मापाचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागू शकतात. हेड सैल पडलं तर पेलेट किंचित तिरका बसतो आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, फाकतो.

म्हणून आधी वेगवेगळ्या लॉटचा एकेकच डबा घ्या. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्की धरा. पेलेट बदलल्यावर पहिले दहाएक शॉट मोजू नका, नळीतला आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर निघून जाऊ द्या. मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करा. तिन्ही ग्रुप दीड मिमीच्या आत आले तर त्याच लॉटचे वर्षभराचे डबे एकदम उचला. केंद्रापासून ०.२५ मिमी सरकलं की ०.१ गुण जातो; फायनलला तेवढ्यावर नंबर हुकतो.

मायक्रोमीटरने हेड मोजत बसू नका, मऊ शिसं जबड्यात चेपतं. त्यापेक्षा ०.००१ ग्रॅम दाखवणाऱ्या सराफी काट्यावर तोला आणि पाच मिलिग्रॅमहून जास्त फरकाचे सरावाला ठेवा. पेलेट उजेडात उलटा धरून स्कर्टची, म्हणजे मागच्या पोकळ भागाची, कड फिरवून बघा. कड चेपलेली दिसली तर तो मॅचला नकोच: हवा एका बाजूने निसटते.

अर्धा रिकामा डबा ठाणे-वाशी लोकलमध्ये खुळखुळत नेला की चांगल्या पेलेटचे स्कर्टही वाकडे होतात. झाकणाखाली स्पंज भरा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तेव्हा डबा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. तेल लावू नका. आणि रेंजवर मुलांनी साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा खायला घेऊ नये, शिसं पोटात जातं.

लॉट नंबर फोनवर वाचून दाखवणारं दुकान मिळालं तर दोन पैसे जास्त देऊनही तिथूनच घ्या.